रोजच्या ये-जासाठी भरवशाची मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रोजच्या प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना पडणारे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी काही पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. बहुतेकांनी शेवटी एकच मागणी केली आहे, ती म्हणजे सर्वांत भरवशाच्या गाडीचे तेवढे नाव सांगा. असे एकच नाव मी देणार नाही. १९९४ पासून बाजारात असलेली स्प्लेंडर, २००६ मध्ये आलेली शाईन किंवा गावोगावी धावणारी प्लॅटिना या तिन्ही गाड्या भरवशाच्या आहेत. परंतु त्यांतली तुमच्यासाठी भरवशाची कोणती, हे तुमचा रस्ता, रोजचे अंतर, गाडीवर बसणारी माणसे आणि घराजवळचा फिटर यांवरून ठरते. म्हणून प्रत्येक उत्तराची सुरुवात पत्रलेखकाच्या रस्त्यापासून केली आहे.

प्रश्न : मी मंचरला राहतो आणि चाकण औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात आणि बहुतेक रस्ता पुणे-नाशिक महामार्गाचा आहे. माझे वजन ८२ किलो आहे, शिवाय राजगुरुनगरपासून एक सहकारी मागे बसतो. घरचे म्हणतात १०० सीसीची गाडी घे, ॲव्हरेज चांगले पडेल. मित्र १२५ सीसी सुचवतात. काय करावे?
(एक कामगार, मंचर)

उत्तर : तुमच्या प्रवासासाठी १२५ सीसीची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० सीसी वर्गातील इंजिन ८ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. गावातल्या गावात एकट्याने, ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने फिरताना ही ताकद पुरून उरते आणि त्या वेगाला हे इंजिन वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. परंतु महामार्गावर मागे माणूस बसलेला असताना ताशी ६५ चा वेग राखायचा म्हटले, की ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण पिळलेला राहतो, चारही गिअर संपलेले असतात आणि समोरच्या कंटेनरला ओलांडायची वेळ आली तर हाताशी काही शिल्लक उरत नाही. इंजिन असे रोज ताणले गेले, की ऑइल लवकर खराब होते, पिस्टनच्या रिंगा आणि टायमिंग चेन लवकर झिजतात आणि ज्या टिकाऊपणासाठी ती गाडी घेतली तो टिकाऊपणाच हातचा जातो. १२५ सीसीचे इंजिन साधारण साडेदहा ते साडेअकरा अश्वशक्तीचे असते आणि या वर्गातील बऱ्याच गाड्यांना आता पाच गिअर आहेत, त्यामुळे तोच वेग या गाड्या इंजिनावर ताण न येता राखतात.

आता ॲव्हरेजचा हिशेब मांडू. महिन्याला २५ दिवस धरले तर तुमचे रनिंग १,५०० किलोमीटर होते. १०० सीसीच्या गाडीने लिटरला ६५ आणि १२५ सीसीच्या गाडीने ५५ किलोमीटर दिले असे मानले, तर पहिलीला सुमारे २३ लिटर आणि दुसरीला सव्वासत्तावीस लिटर पेट्रोल लागेल. फरक सव्वाचार लिटरचा, म्हणजे आजच्या दराने महिन्याला साधारण साडेचारशे रुपयांचा आहे. ही रक्कम लहान नाही, हे मी मान्य करतो. तरीही ट्रकच्या शेजारून पुढे जाताना लागणारा वेळ निम्म्याने कमी होत असेल, तर तेवढे पैसे मोजावेत असेच मी सांगेन. सहकाऱ्याने पेट्रोलमध्ये वाटा उचलला तर हा फरक जाणवणारही नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. पुढचा ब्रेक डिस्कचा असलेलाच प्रकार घ्या. ड्रमच्या गाडीपेक्षा तो काही हजार रुपयांनी महाग पडतो, परंतु मागे माणूस असताना महामार्गाच्या वेगावरून गाडी थांबवायची तर डिस्कची पकड आणि बोटांना मिळणारा अंदाज दोन्ही सरस असतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस आणि त्यावरील गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. संयुक्त ब्रेकमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबणाऱ्यांचा तोल सावरतो, परंतु चाक लॉक होण्यापासून संरक्षण फक्त एबीएसच देते. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबण्याची सवय म्हणूनच तुम्हाला लावून घ्यावी लागेल.

या वर्गात शाईन १२५ आणि सुपर स्प्लेंडर या शांत चालीच्या गाड्या आहेत, एसपी १२५ थोडी अधिक सजलेली आहे, तर रेडर आणि पल्सर १२५ यांचा पिकअप तरुणांना आवडणारा आहे. तुमच्या कामाला पहिल्या दोनच अधिक जुळतात असे मला वाटते. तरीही निर्णय चाचणी घेऊनच करा, आणि चाचणी घेताना सहकाऱ्याला मागे बसवूनच घ्या. शोरूमच्या गल्लीत एक फेरी मारून काही कळत नाही. ओळखीतल्या कोणाकडे ती गाडी असेल तर एका संध्याकाळी मागून घ्या, खेड घाटाच्या चढाला ती कोणत्या गिअरमध्ये ओढते ते पाहा आणि अंधार पडल्यावर परत या. रात्रपाळी करणाऱ्याने हेडलाइटचा झोत अंधारातच पाहिला पाहिजे. दिवसा सगळेच दिवे सारखे दिसतात.

आणखी एक गोष्ट. या इंजिनांत जेमतेम एक लिटर ऑइल असते, त्यामुळे पाव लिटर जरी कमी झाले तरी इंजिनाला ते जाणवते. तुमचे रनिंग पाहता सर्व्हिसची तारीख कॅलेंडरवर न ठरवता मीटरवर ठरवा आणि आठवड्यातून एकदा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, ऑइलची काडी पुसून पातळी पाहत चला.

प्रश्न : मी आरोग्यसेविका असून अकोले तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर फिरते. रस्ते चढउताराचे आणि अर्धे कच्चे आहेत. स्कूटर खड्ड्यांत आपटते, म्हणून मोटारसायकल घ्यायची आहे. पण माझी उंची पाच फूट आहे आणि पाय टेकणार नाहीत याची भीती वाटते.
(एक वाचक भगिनी, अकोले)

उत्तर : मोटारसायकलचा तुमचा विचार रास्त आहे. स्कूटरचे चाक १० किंवा १२ इंचांचे असते, मोटारसायकलचे १७ किंवा १८ इंचांचे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडगोट्यांवरून गाडी सरळ नेते. उंचीसाठी सीटची जमिनीपासूनची उंची पाहा. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे, शाईन १०० ची ७८६ वर, शाईन १२५ ची ७९१ वर आणि प्लॅटिना १०० ची ८०७ वर. प्लॅटिना खडबडीत रस्त्याला सोयीची असली तरी तुमच्यासाठी ती उंच पडेल. २०२३ मध्ये आलेल्या शाईन १०० चे वजन ९९ किलो आहे, स्प्लेंडरचे ११२. चढावर थांबून पुन्हा निघताना किंवा वाडीच्या अरुंद बोळात गाडी हाताने मागे ओढताना हा १३ किलोंचा फरक तुम्हाला रोज जाणवेल, म्हणून पहिली चाचणी शाईन १०० ची घ्या.

शोरूममध्ये जाताना रोजची पादत्राणे घालून जा. दोन्ही पायांचे चवडे घट्ट टेकले तर पुरेसे आहे, टाचा टेकायलाच हव्यात असे नाही. थोडेसेच कमी पडत असेल तर सीट बनवणाऱ्या कारागिराकडून पुढच्या भागातला फोम इंचभर कापून घेता येतो आणि सीट मांड्यांशी अरुंदही करून घेता येते. शॉकअप बदलून गाडी खाली घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. लशींची पेटी मागच्या कॅरिअरवर उंच बांधू नका. पेटी सीटवर, पाठीला लागून, रबरी पट्ट्यांनी आवळली तर चढावर पुढचे चाक हलके होत नाही.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात ग्रामीण डाक सेवक म्हणून काम करतो. पावसाळ्याचे चार महिने गाडी ओलीच असते. सध्याच्या गाडीची पाच वर्षांत चेन तीनदा बदलली, तारा गंजल्या, सायलेन्सरला भोक पडले. कंपनीचे सर्व्हिस सेंटर ३५ किलोमीटरवर आहे. न गंजणारी आणि न बिघडणारी गाडी सुचवा.
(एक वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर : कोकणच्या पावसात न गंजणारी गाडी कोणतीच कंपनी बनवत नाही, परंतु गंज कुठे धरतो हे पाहून गाडी निवडता येते. पहिली गोष्ट चाकांची. तारांच्या चाकात प्रत्येक तारेच्या टोकाला जी निपल असते तेथे पाणी आणि लाल माती बसते, गंज धरला की तार ताणता येत नाही आणि चाक वाकडे फिरू लागते. तुम्ही अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर असलेली गाडी घ्या. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, आणि पंक्चर काढायचे किट टपालाच्या पिशवीत सहज मावते. ज्या रस्त्यावर दहा किलोमीटरमध्ये पंक्चरवाला नाही, तेथे याचे मोल मोठे आहे.

दुसरी गोष्ट चेनची. पाच वर्षांत तीन चेन सेट गेले, याचा अर्थ चेन उघडी असावी किंवा कोरडी चालत असावी. पूर्ण बंद चेन कव्हर असलेलीच गाडी घ्या. स्प्लेंडर, शाईन आणि प्लॅटिना या तिघींना ते आहे. मात्र कव्हर असले तरी चेन विसरून चालत नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला, गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये उभी करून, मागचे चाक हाताने सावकाश फिरवा आणि चेन कोठे सर्वांत ताठ होते ते शोधा. त्या जागी कव्हरच्या भोकातून चेन बोटाने वर-खाली करून पाहिली तर ती साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्याहून सैल असेल तर ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारख्याच खुणेवर ओढा, कारण एक बाजू जास्त ओढली गेली की चाक तिरके बसते आणि चेन स्प्रॉकेटचे दात एका कडेने खाऊ लागते. त्यानंतर मागच्या ब्रेकचा पायही पुन्हा तपासा, कारण चाक मागे सरकले की ब्रेकची दांडी ताणली जाते. चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल थेंबथेंब सोडा आणि जास्तीचे फडक्याने पुसून टाका. जळके इंजिन ऑइल लावण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्यात धातूचा कीस असतो. तो चेनच्या सांध्यांत नेऊन घालण्यात शहाणपणा नाही.

तिसरी गोष्ट फिटरची, आणि तुमच्या बाबतीत मी तिला सर्वांत जास्त वजन देतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांतही कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. ही व्यवस्था सहसा दगा देत नाही, पण दिला तर स्क्रू फिरवून काम भागत नाही. बिघाड वाचणारे यंत्र लागते. म्हणून गाडी बुक करण्यापूर्वी देवरुख, साखरपा, संगमेश्वर यांपैकी तुमच्या वाटेवरच्या गावात जाऊन दोन-तीन गॅरेजवाल्यांशी बोला. कोणत्या गाडीचे यंत्र त्यांच्याकडे आहे, कोणत्या गाडीचा पेट्रोल पंप, सेन्सर, क्लच प्लेट दुकानात तयार मिळते आणि कोणती वस्तू रत्नागिरीहून मागवावी लागते, हे ते मोकळेपणाने सांगतात. ज्या गाडीबद्दल दोघांचे एकमत होईल ती घ्या, मग ती माझ्या आवडीची नसली तरी चालेल. इंजेक्शनची गाडी बॅटरीवर अवलंबून असते हेही ध्यानात ठेवा. बॅटरी पूर्ण उतरली तर किकनेही ती सुरू होण्याची खात्री नसते, त्यामुळे जून उजाडण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्या, आणि टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी चालवू नका, कारण टाकीतला विजेचा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

ओढ्याच्या पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले तर तेथेच बटण दाबत बसू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि दोनशे रुपयांचे काम दहा हजारांवर जाते. गाडी ढकलून बाहेर काढा, प्लग उघडा, किक मारून पाणी बाहेर पडू द्या आणि मगच पुढचे पाहा. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक काही वेळ लागत नाहीत. हलक्या वेगात ब्रेक किंचित दाबून धरत शंभर-दोनशे मीटर जा, म्हणजे लायनर सुकतात. क्लचची एक जादा केबल सीटखाली असू द्या.

प्रश्न : माझ्याकडे २०११ ची कार्बोरेटरची गाडी आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने ती खराब होईल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : लगेच बिघडणार नाही, पण लक्ष द्यावे लागेल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के आणि पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत ३ टक्क्यांच्या आसपास ॲव्हरेज घटणे स्वाभाविक आहे. याहून बरीच जास्त घट झाली असेल तर दोष इंधनाला न देता एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक घासत आहेत का ते पाहा. जुन्या गाडीतील पेट्रोलची रबरी नळी आणि कार्बोरेटरमधील रबरी वायसर नव्या इंधनासाठी बनवलेले नव्हते; ते कडक झाले किंवा फुगले की गळती सुरू होते. शे-दोनशे रुपयांत नळी बदलून मिळते, ती आधीच बदला. इथेनॉल हवेतील पाणी ओढते, म्हणून महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

प्रश्न : मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेला आहे. त्याच्यासाठी ४०-४५ हजारांत जुनी गाडी घ्यायची आहे. दलालाने दोन-तीन दाखवल्या, सगळ्या चकाचक दिसतात. पारख कशी करावी?
(एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चकाचक दिसणाऱ्या गाडीच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. गाडी पाहायला सकाळी जा आणि आपण पोहोचेपर्यंत ती सुरू करू नका असे आधीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून पाहा. ते कोमट लागले तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असल्याची शंका घ्या. सुरू करताना मागे कोणाला तरी सायलेन्सरकडे पाहायला उभे करा. थंडीत दिसणारी पांढरी वाफ काही मिनिटांत नाहीशी होते, परंतु ॲक्सिलरेटर वाढवल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे आणि बोअर-पिस्टनचे काम जवळ आले आहे. इंजिनाच्या वरच्या भागातून टिकटिक येत असेल तर ते बहुधा टॅपेट असते आणि थोडक्यात मिटते. खालून ठोक्यासारखा जड आवाज येत असेल तर ती गाडी सोडून द्या.

मग चासी पाहा. मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यभागी खटका जाणवला तर कोन सेट गेला आहे, तो दुरुस्त होतो. पण गाडी सरळ रेषेत चालवत असताना हँडल एका बाजूला वळलेले राहत असेल, तर गाडी कोठेतरी जोरात आपटलेली आहे. मागचे चाक धरून आडवे हलवा. खेळ जाणवला तर स्विंग आर्मची बुशिंग झिजली आहे. मीटरवरील आकड्यावर फारसा विश्वास ठेवू नका. १८ हजार रनिंगच्या गाडीचे फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले असेल, ब्रेकच्या पायाची कड झिजून चकाकत असेल आणि चेन स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील, तर खरे रनिंग त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते.

कागदपत्रांत एकही सवलत देऊ नका. आरसीवरील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून मालकाचे नाव, कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेली चलने पाहता येतात. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या लागतात. विक्रेत्याने १४ दिवसांत कळवावे आणि खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करावा असा कायदा आहे. 'नावावर नंतर करू' असे दलाल म्हणाला तर व्यवहार थांबवा, कारण अपघात झाला तर कायदा नोंदीतल्या नावालाच मालक समजतो आणि विम्याचा प्रश्नही तेथेच अडतो.

तुमच्या रकमेत १०० किंवा ११० सीसीची, एकाच मालकाची, तुमच्याच आरटीओची गाडी शोधा. या वयात पिकअपच्या गाडीचा हट्ट होतो आणि तो समजण्यासारखाही आहे, तरी जुनी वेगवान गाडी टाळा. ती बहुधा ज्या पद्धतीने चालवली गेलेली असते तिची किंमत पुढच्या मालकाला मोजावी लागते. तीन-साडेतीन हजार रुपये हाताशी राखून ठेवा, त्यांतून गाडी घेतल्याच्या आठवड्यात ऑइल, प्लग, एअर फिल्टर, दोन्ही ब्रेक लायनर आणि गरज असल्यास एक टायर बदलता येईल. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट मुलाच्या डोक्याच्या मापाने, त्याला सोबत नेऊन घ्या, आणि मागे मित्र बसणार हे गृहीत धरून दुसरेही घ्या.

प्रश्न : हडपसर ते हिंजवडी रोज जातो. सीएनजी मोटारसायकल घ्यावी की विजेवरची?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : सीएनजीवर चालणारी बजाज फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये पुण्यातच सादर झाली. तिच्या सीटखाली २ किलोचा गॅस सिलिंडर आणि जोडीला २ लिटरची पेट्रोल टाकी आहे; दोन्ही मिळून ३३० किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा आहे. तुमच्या अंतराला इंधनाचा खर्च नक्कीच उतरेल. परंतु गाडीचे वजन दीडशे किलोच्या घरात आहे आणि सीट उंच आहे, त्यामुळे मगरपट्टा ते विद्यापीठ चौक अशा रांगत जाणाऱ्या गर्दीत ती तुम्हाला पेलते का ते आधी पाहा. तुमच्या वाटेवरील सीएनजी पंपांवर तुमच्या वेळेला किती रांग असते, तेही दोन-तीन दिवस जाता-येता पाहून ठेवा. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, हा खर्चही हिशेबात धरा.

विजेच्या गाडीबाबत पहिला प्रश्न चार्जिंगचा. तुमच्या पार्किंगच्या जागेत तुमच्या मीटरचा सॉकेट बसवायला सोसायटीची लेखी परवानगी मिळत असेल तरच पुढे जा, आणि जाहिरातीतल्या पल्ल्याच्या दोन तृतीयांशात तुमची जाऊन-येऊन फेरी बसते का ते पाहा, कारण बॅटरी जुनी होत जाते तसा पल्ला घटतो. ही दोन्ही उत्तरे अनुकूल नसतील तर साधी पेट्रोलची १२५ सीसीच घ्या.

प्रश्न : शोरूमने दिलेल्या दरपत्रकात मूळ किमतीवर वीस-बावीस हजार वाढलेले दिसतात. यातले खरोखर लागू काय? ताबा घेताना काय पाहावे?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि तो एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. त्यावर एकरकमी रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि विमा हे द्यावेच लागतात. विम्यात त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे पाच वर्षांचे संरक्षण सक्तीचे आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा घेता येतो, आणि विमा त्याच शोरूममधून घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. हाताळणी खर्चाच्या नावाने लावलेली रक्कम काढून टाकायला सांगा. सीट कव्हर, गार्ड, वाढीव वॉरंटी, रस्त्यावरील मदत हे सारे ऐच्छिक आहे. गार्ड घ्या, बाकीचे सावकाश ठरवा. दुचाकीच्या खरेदीबरोबर हेल्मेट पुरवण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, ते मागा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबतच मिळते, तिचे वेगळे पैसे देऊ नका.

पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी गाडी कोणत्या महिन्यात बनली ते नमुना २२ वर, म्हणजे कंपनीने गाडीसोबत दिलेल्या प्रमाणपत्रावर, पाहा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २४२५ असेल तर तो टायर २०२५ च्या चोविसाव्या आठवड्यातला आहे. गाडी सहा-आठ महिने गोदामात पडून असेल तर नवी बॅटरी किंवा किमतीत सूट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नंबरप्लेट बसल्यावरच, दोन्ही चाव्या, टूलकिट आणि मालकाची पुस्तिका हातात घेऊन गाडी बाहेर काढा. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पल्ला मारू नका, ताशी ५० च्या आसपास वेग कमी-जास्त करत चालवा, मागे जड ओझे नको. पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलताना समोर उभे राहा. नव्या इंजिनातून निघणाऱ्या त्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस चमकताना दिसतो, तो बाहेर पडण्यासाठीच ही सर्व्हिस वेळेवर करायची असते.